रांजणांत किरण शिरला त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा माता समर्थ. शके अठराशे कितीसे, आम्लनाम संवत्सर, वैशाखमास, मुलखाचे नाव सांगणे नाही. महाराजांस लिंबाच्या लोणच्याविना घास उतरत नसे आणि महाराज न जेवल्यास लष्करानेही जेवू नये ऐसा रिवाज होता. ते समयी सीमेवरील किल्ल्यावर शत्रू चालून येतो ऐसी खबर आली आणि महाराज जातीने किल्ल्यात राहिले आणि कोठीचे सरदार गिरमाजीपंत यांस आज्ञा जाहली की, लोणचे पावसाळाभर टिकले पाहिजे, नासल्यास तुमचे डोके मारू.

पंतांची पाचावर धारण बसली. लोणच्यात बेंझोएट नामे औषध घालावे, ते आत राहून जंतूंस वाढू देत नाही, ऐसी तीन पिढ्यांची वहिवाट होती. परंतु जीव कोणास प्यारा नाही, म्हणोन पंतांनी किरणयंत्रही आणविले. यंत्राबरोबर आलेले वैद्य तिमाजीपंत बोलिले की, आधी किरण सोडावा, तो जंतू मारून निघून जाईल, मग औषध घालावे, औषधावर किरण पडल्यास त्याचेच बळ मोडेल. त्यावर गिरमाजीपंत डोळे वटारून म्हणाले, "औषध या दौलतीचे जुने चाकर. कालचा किरण त्याच्या आधी आत शिरला तर मानपान राहिला कोठे?"

आम्ही कोठीच्या कारकुनांनी कपाळास हात लाविला. मग औषध वाजतगाजत आधी शिरले आणि मागाहून किरण शिरला आणि किरणाने जंतू मारिले आणि औषधासही लोळविले आणि पुढे कोणा हलकटाने रांजणात ओला डाव घातला, त्यासरसे नवे जंतू घुसले, पाहतात तो पहाऱ्यास कोणीच नाही. श्रावणात लोणच्यावर बुरशीची गादी चढली आणि महाराजांनी ताट सारिले आणि लष्कर उपाशी राहिले आणि महाराज चोरदरवाजाने निघाले आणि किल्ला गेला. गिरमाजीपंत जिवाच्या भयाने रिकाम्या रांजणात दडले होते, ते शत्रूस सापडले. शत्रूने विचार केला, या भल्या माणसामुळे किल्ला फुकट मिळाला, आणि पंतांस शालजोडी दिली आणि त्याच कोठीचे काम सांगितले.

पंतांनी तेथेही मानपान तसाच चालविला. पुढील श्रावणात शत्रूचेही लोणचे नासले आणि ते लोक बुरशी बाजूस सारून खाणारे, सबब अवघी फौज पोट धरून झाडाआड बसली आणि आमचे लोक उघड्या दरवाजाने किल्ल्यात शिरले. पंतांस मुसक्या बांधून हुजूर आणिले. कारभाऱ्यांनी पुसले, डोके मारावे काय? महाराजांनी अंमळ विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या. पुढील मोहीम ठरली की यांस आधी शत्रूकडे चाकरीस पाठवा."

येणेप्रमाणे किल्ला गेला आणि आला. पंतांचे डोके जागेवर आहे, त्याच्या आत काय आहे ते अन्नपूर्णा जाणे.