दगडोबाचा काचमहाल आणि ओलाव्याची मोहीम

आज्ञा जाहली की, पंधरा दिवसांत दगडोबाचे काचमहाली जे वर्तमान घडले ते आरंभापासोन अखेरपर्यंत लिहोन ठेवावे, कोणाची चूक झाकू नये, कोणाचा पराक्रम फुगवू नये. आज्ञा नातीची. तिचा शब्द मोडण्याची या घरात कोणाची छाती नाही. सबब जे डोळां दिसले, जे दाराआडून कानी आले आणि जे आजीसाहेबांनी भाजी निवडता निवडता सांगितले, ते सर्व एके ठिकाणी करोन ही हकीकत लिहिली असे.

दगडोबा म्हणजे जमिनीवरचे कासव, उमर दोन वर्षे, आकार बशीएवढा, मिजास मात्र सात पिढ्यांच्या सरदाराची. त्यांची राजधानी म्हणजे बैठकीच्या खोलीतील काचेची लांबरुंद पेटी. तळाशी नारळाच्या काथ्याचा ओला भुसा, एका अंगास ऊब देणारा दिवा, दुसऱ्या अंगास ओल्या शेवाळाने भरलेली गुहा, मध्ये पाण्याची उथळ बशी, वरती झाकण, आणि भिंतीवर हवेतील ओलावा आकड्यांत सांगणारा काटा. हा काटा म्हणजे त्या दरबारचा अखबारनवीस. तो ना कोणाची भीड धरी, ना कोणाची खुशामत करी.

नात नकाशे काढण्याच्या कचेरीत चाकरीस. तिची स्वारी मोजणीच्या कामी पंधरा दिवस परमुलखी निघाली, तेव्हा तिने आजीसाहेबांस बोलावोन सारा कारभार हवाली केला आणि ताकीद दिली ती अशी:

"आजी, काटा सत्तरच्या खाली येऊ द्यायचा नाही. याला कोरडी हवा सोसत नाही. पाठ वेडीवाकडी वाढते, आणि ती मग जन्मभर तशीच."

"जा गं तू निर्धास्त. तुझ्या आईला वाढवलंय मी, या बशीएवढ्याचं काय घेऊन बसलीस!"

ऐसा शब्द गेला. आजीसाहेबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आता तो राखणे आले.

त्याच घरी आजोबासाहेब, किताब भिंगबहाद्दर. चाळीस वर्षे चष्म्यांचे दुकान चालविले, हजारो डोळ्यांस उजेड दिला, आणि दुकान सोडिले तरी खिशातील पिवळे मऊ फडके सोडिले नाही. त्या फडक्याचा इतिहास जुना. पन्नास वर्षांमागे एका कडाक्याच्या सकाळी एक तरुण मुलगी थंडीतून दुकानाच्या उबेत शिरली, शिरताच तिच्या चष्म्यावर धुके दाटले, आणि ती आंधळ्यागत काउंटरवर आदळली. दुकानदाराने तिच्या नाकावरचा चष्मा काढिला, पिवळ्या फडक्याने पुसला आणि परत नाकावर ठेविला. तीच मुलगी पुढे आजीसाहेब जाहली. तेव्हापासोन पातेल्यावरचे झाकण उचलता आजीसाहेबांच्या काचा धुरकटल्या की आजोबासाहेब असतील तेथोन उठोन येत, पुसोन देत आणि परत जात. धुरकट काच त्यांस पाहवत नसे, ऐसा त्यांचा पिंड.

असो. मोहिमेस आरंभ जाहला. आजीसाहेब पहाटे उठोन फवाऱ्याची बाटली कमरेस लावीत आणि काचमहालावर चाल करीत. भुशाचे चारही कोपरे पाण्याने तर करीत, शेवाळ भिजवीत, बशी धुवोन भरीत, आणि मग काट्यापुढे उभे राहोन अखबार घेत. सकाळी काटा पंचाहत्तर सांगे, काचांवर धुके दाटे, आजीसाहेबांचे मुख उजळे. परंतु तिसऱ्या प्रहरी पाहावे तो काटा चाळिसावर! मग पुन्हा फवारा, पुन्हा भुसा, पुन्हा शेवाळ. दुसरे दिवशी तोच प्रकार, तिसरे दिवशी तोच. आजीसाहेबांनी बशी मोठी केली, दिवा किंचित वर टांगिला, फटींस पट्ट्या चिकटविल्या. ओलावा मात्र कोण्या वाटेने पसार होई, ठाव लागेना. रात्री सत्तर आणि दुपारी चाळीस, हे कोणते जादूटोण्याचे राज्य? बरे, आजोबासाहेबांस विचारावे तर त्यांनी वर्तमानपत्राआडोन फर्मावले की, "यंत्रच बिघडलं असेल. हल्लीच्या वस्तूंचं काय सांगावं!"

पाचवे दिवशी दगडोबांनी पानास तोंड लाविले नाही. डोळे आत गेले, गळ्याची कातडी सुरकुतली आणि मान ढालीत ओढोन बसले ते बसलेच. आजीसाहेबांपुढे पेच पडला. नातीस कळवावे तर ती परमुलखी काळजी करील, न कळवावे तर शब्दाचे काय? मग प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंस दूरध्वनी गेला. त्या बाई कामात कडक, बोलण्यात गोड. म्हणाल्या:

"आजी, अंगात पाणी कमी पडलंय. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, हनुवटीपर्यंत, जास्त नको. आणि हवा आधी सांभाळा. उद्यापर्यंत पाणी प्यायला नाही तर घेऊन या, उशीर नको."

मुदत एक दिवसाची. आजीसाहेबांनी ठरविले की, शत्रू आधी धरावा. त्या दिवशी जेवण उरकले आणि त्या रोजच्या वामकुक्षीस पलंगावर पडोन लटकेच मोठ्याने घोरू लागल्या. आजोबासाहेबांची खात्री जाहली. मग त्या दबक्या पावलांनी उठोन बैठकीच्या पडद्याआड मोर्चा धरोन उभ्या राहिल्या.

पाहतात तो काय! भिंगबहाद्दर खुर्ची ओढोन काचमहालापुढे बसले आहेत, झाकण उचलोन भिंतीस टेकविले आहे, टेबलपंख्याचे तोंड पेटीकडे वळविले आहे, आणि खासा हाताने पिवळ्या फडक्याने आतली काच लख्ख करीत आहेत. आणि बोलत आहेत:

"काय रे दगडोबा, सगळं धूसर दिसत असेल ना तुला? ही म्हातारी रोज फुसफुस पाणी मारते आणि तुझ्या खिडक्या आंधळ्या करते. थांब हां. चाळीस वर्षं माणसांना स्वच्छ दाखवलं, तुला का नाही?"

शत्रू घरातच, आणि तोही दयाळू. आजीसाहेबांस राग आला आणि त्याच घडीस हसूही आले, आणि दोन्ही एकदम येता त्यांस ठसका लागला. पडदा हलला.

"तुम्ही!" आजीसाहेब म्हणाल्या. "मी पाच दिवस हात दुखेस्तोवर पाणी मारतेय, आणि तुम्ही वर पंखा लावून त्याला वाळत घालताय? काय पापड आहे का तो?"

"अगं, त्याला दिसत नव्हतं."

"त्याला दिसायला नकोय. त्याला ओल हवीय! ते धुकं म्हणजे त्याचं पांघरूण. बघा त्याचे डोळे."

आजोबासाहेबांनी खिशातले भिंग काढिले, डोळ्यास लाविले आणि दगडोबांचे खोल गेलेले डोळे पाहिले. चाळीस वर्षे डोळेच पाहिले होते, त्यांस दुसऱ्याने सांगणे लागले नाही. भिंग खाली आले. पंखा त्यांनीच बंद केला. झाकण त्यांनीच लाविले. मग बराच वेळ फडक्याची घडी घालीत, मोडीत बसले, आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "मीच केलं गं हे."

हरलेल्यास तुडवणे आजीसाहेबांच्या शास्त्रात नाही. तेथेच तह ठरला. काचमहालावर पिवळ्या फडक्याचा अंमल आजपासोन खारीज. झाकण आजीसाहेबांच्या हुकमावाचोन उचलू नये, पंख्याने त्या दिशेस तोंड करू नये. ऐवजी दगडोबांच्या स्नानाचा सारा कारभार आजोबासाहेबांकडे नामजाद व्हावा, त्या वीस मिनिटांत दोघांमध्ये काच नाही, वाफ नाही, मनसोक्त पाहावे आणि काय बोलायचे ते बोलावे.

पहिले स्नान त्याच दुपारी. दगडोबा मान आत ओढोन कोमट पाण्याच्या तसराळ्यात बसले, ढाल भिजली, बाकी काही नाही. काट्याने मात्र संध्याकाळी बहात्तर सांगितले, आणि आजीसाहेबांनी काट्यास नमस्कारच केला.

दुसरा दिवस, मुदतीचा. आजोबासाहेबांनी पाणी मनगटावर तीनदा पारखिले, एकदा थंड म्हणोन, एकदा कढत म्हणोन परतविले. मग दगडोबांस आत सोडोन स्वतः फरशीवर पालथे पडले, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हनुवटी जमिनीस, भिंग डोळ्यास. दारात डॉक्टरकडे जाण्याची पिशवी तयार. आजीसाहेब खुर्चीच्या पाठीस धरोन उभ्या. पाच मिनिटे गेली, दहा गेली, घड्याळाचा आवाज मोठा झाला. पंधरा जाहली. तेव्हा ढालीतून सुरकुतलेली मान हळूहळू बाहेर आली, चहूकडे फिरली, आणि खाली वाकली.

"हलू नकोस," आजोबासाहेब कुजबुजले.

"मी कुठे हलतेय!"

"गळा बघ. गळा हलतोय. एक... दोन... अगं, पितोय! पितोय गं!"

आजोबासाहेबांस पालथ्याचे उठवेना, आजीसाहेबांस वाकवेना, ऐसी दोघांची अवस्था. मग एकमेकांस आधार देत उभयतां उठले. पिशवी खुंटीस परत गेली. संध्याकाळी दगडोबांनी दोन पाने फस्त केली आणि तिसऱ्यावर उभे राहिले.

पुढे नऊ दिवस काटा सत्तरच्या खाली उतरला नाही. नात परत आली, पायातले बूट न काढिता काचमहालाकडे धावली, दगडोबांस तळव्यावर घेऊन डोळे पाहिले, पाठ पाहिली, काटा पाहिला, आणि म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर! आजी, तू खरंच ग्रेट आहेस." आजीसाहेब म्हणाल्या, "एकटी नाही गं. आंघोळीचं खातं आजोबांकडे होतं." आधीच्या पाच दिवसांबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ते आजोबासाहेबांनी आपण होऊन सांगितले, उभे राहोन, हात मागे बांधोन. आणि म्हणोनच ही हकीकत लिहिण्याची आज्ञा जाहली.

मग दगडोबांस आत ठेवण्याकरिता आजीसाहेबांनी झाकण उचलिले, ओली ऊब वर आली आणि त्यांच्या चष्म्यावर धुके दाटले. आजोबासाहेबांचा हात खिशाकडे गेला. पिवळे फडके निघाले. काचमहालाच्या चारही भिंती समोर धुरकट उभ्या होत्या. त्यांनी त्यांकडे पाहिले, एकवार नातीकडे पाहिले, तहाची आठवण ठेविली, आणि आजीसाहेबांच्या नाकावरचा चष्मा काढोन पुसला आणि परत ठेविला.

"दिसतंय?"

"दिसतंय."

येणेप्रमाणे ओलाव्याची मोहीम फत्ते जाहली, काचमहाल धुक्यासह कायम राहिला, दगडोबा आत पाणी पिऊन निजले, आणि फडके आपल्या जुन्या जहागिरीवर परत रुजू जाहले, हे खरे जाणोन नोंदविले असे.