वाकवलेली पेनी

पेनी सरळ करायची, एवढंच मी ठरवलं होतं. कुठे थांबावं हे मला कधीच कळलेलं नाही (लग्न ठरवतानाही कळलं नव्हतं, असं माझी बायको हेस्टर म्हणते).

तीस वर्षं मी इंग्लंडमधल्या सफोकच्या नांगरलेल्या शेतांतून मेटल डिटेक्टर फिरवतोय. गेल्या महिन्यात सातशे वर्षांपूर्वीचं नाणं सापडलं, एक पेनी, हातोड्याने ठोकून पाडलेली, अस्सल चांदीची. फक्त मधोमध दुमडलेली. राजाचा अर्धा चेहरा आत.

"हात लावू नकोस तिला," बायको म्हणाली. "घरात कुणी आजारी पडलं की लोक संताचं नाव घेऊन पेनी वाकवायचे. वाकवली की ती संताची. नवस आहे तो."

"नवस बोलणारा मरून सातशे वर्षं झाली, हेस्टर."

"संताला कुठे घाई असते?"

ती दुकानात गेल्यावर मी पेनी गॅसवर जरा तापवली आणि दोन लाकडी चमच्यांमध्ये हलकेच दाबली. राजा उलगडला. त्याच क्षणी माझ्या कमरेत कट्‌कन वाजलं आणि मी टेबलावर दुमडलो. बरोबर मधोमध.

स्वयंपाकघरात मेणबत्ती विझल्याचा वास आला. आमच्या घरात मेणबत्ती नाही. मांजर माझ्या पाठीच्या जरा वर, कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं तसं एकटक बघत होतं. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. मागे वळता येत नव्हतं तेच बरं होतं.

डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलाय. मी पेनी डबीत घालून कुलूप लावलं आणि तीन दिवस काटकोनात काढले. जन्मभर असंच राहावं लागणार, या विचाराने रडू यायचं. आसवं थेट बुटांवर पडायची.

चौथ्या दिवशी हेस्टरने मला चर्चमध्ये नेलं. "काढ ती पेनी. पुन्हा वाकव आणि दानपेटीत टाक."

मी डबी उघडली. पेनी वाकलेलीच होती.

"तू वाकवलीस?"

"किल्ली तुझ्या वेस्टकोटाच्या खिशात. तीन दिवस त्या खिशावर तुझीच घडी पडलीय. माझा हात जाणार कसा?"

चर्चमध्ये गारठा होता, आणि तोच वास.

हेस्टरची पाठ वळताच मी पेटीत एक पौंड सोडला. खण्ण वाजलं, आणि कंबर सुटली. पेनी खिशात घालून मी ताठ मानेने दारापर्यंत आलो. उंबऱ्यावर पुन्हा कट्‌.

"पौंड टाकलास ना?" हेस्टरने मागे न बघता विचारलं.

तसाच वाकून परत गेलो आणि पेनीही टाकली. काही फरक पडला नाही.

"आता काय उपयोग?" ती म्हणाली. "वाकलं की ते संताचं. सांगितलं होतं ना?"

महिना झाला. दर मंगळवारी चर्चची फरशी मीच पुसतो. पाद्री खूश आहेत. म्हणतात, इतका सोयीचा माणूस आजवर मिळाला नव्हता.