चिंचेवाडीच्या बेंदरात दादासो पाटलांनी राखिला मान

जाणत्यांनी कान द्यावा आणि नेणत्यांनी हसू आवरावे. शके एकोणीसशे, आषाढमासी, करवीर इलाख्यात मुरगुडानजीक मौजे चिंचेवाडी येथे बेंदराचे दिवशी जो भयंकर प्रसंग गुदरला, तो जसा ऐकिला तसा लिहून ठेविला आहे.

दादासो पाटील म्हणजे गावचे पिढीजाद जैन खातेदार, धिप्पाड, मिशाळ आणि हट्टी. बेंदराचे सांजेस वेशीत पिंपळपानांची दोरी बांधावी आणि मानाच्या बैलांनी धावत जाऊन ती तोडावी, यास कर तोडणे म्हणतात. तो मान पणजोबांपासून पाटलांच्या गोठ्याकडे. परंतु पाटलांची जोडी वार्धक्याने निवर्तली, आणि मग पाटलांनी नवी जोडी न घेता एक ट्रॅक्टर आणिला. कोणी विलायती इंजिनियर आपल्या बंगल्याची हिरवळ कापावयास तो बाळगीत असे, आणि स्वदेशास जातेसमयी विकून गेला. यंत्र वासराएवढे. त्यास गिअर नाही. पोटात तेल, तेलाच्या दाबावर चाके फिरणार, आणि पायाने पेडल पुढे दाबिता पुढे, मागे दाबिता मागे, ऐसा कारभार. तेल ओतावयाचे भोक मागील अंगास, बैठकीखाली.

हे वर्तमान दुसरे मानकरी हंबीरराव यांस कळताच त्यांस परम संतोष जाहला. त्यांनी चावडीवर जाहीर केले की, बैल नाही त्यास मान कसचा. तथापि पाटलांचे यंत्र सूर्यास्तापूर्वी दोरी तोडील तर तोडो, न तोडील तर मान कायमचा आमच्या खिलारी जोडीस. पाटलांनी मिशीवर हात ठेवून शर्त कबूल केली. घरात रत्नाबाईंनी, अवं, पणजोबांचा मान अशा खेळण्यावर लावतासा व्हय, ऐसे विचारिले, तोवर पाटील यंत्रास झूल मापावयास अंगणात गेले.

बेंदराची पहाट जाहली. पाटलांनी यंत्रास न्हाऊ घातिले, बॉनेटास हिंगूळ लाविला, दिव्यांस काजळ घातिले, वर झूल पांघरली आणि गळ्याच्या अजमासाने घुंगरमाळ बांधिली. बेंदरास बैलाला ताक, हळद आणि करडईचे तेल पाजण्याचा दस्तूर. मग मानाच्या बैलासच उपाशी कसे ठेवावे? बैठकीखालील भोकाचे झाकण काढिले आणि बांबूच्या नळ्याने दस्तुरखुद्द पाटलांनी सर्व खुराक आत रिचविला. पाजतेसमयी दुसऱ्या मानकऱ्याने बैलाचे तोंड धरावे हाही दस्तूर, म्हणून हंबीररावांनी अवघ्या गल्लीसमक्ष नळा धरिला आणि, प्या महाराज, ऐसे हसत म्हणाले.

दुपारी कूच करावयाचा हुकूम जाहला. इंजिन गर्जले, घुंगरू वाजले, परंतु यंत्र दोन हात जाऊन कण्हू लागले आणि जागीच बसले. हंबीररावांच्या गोटात शिट्ट्या जाहल्या. पाटलांचे तोंडचे पाणी पळाले, आणि कोल्हापुरी राजारामपुरीस मोटारसायकल दौडवून शमशुद्दीन मिस्त्री यांस कुमकेस आणविले.

मिस्त्री बोलण्यात पहिल्या प्रतीचे. त्यांनी यंत्राभोवती फेरी मारून निदान केले की, तेल कमी पडले, आणि वर आणखी तेल ओतिले. यंत्र अधिकच कण्हले, झाकणातून फेस आला. मग त्यांनी पेडलाचा सांधा आवळिला, मग टायरात हवा भरली, ती मोहीमही व्यर्थ गेली. तेव्हा नाइलाजास्तव पोटाखालील बूच सोडिले. आतून पिवळे, दाट, आंबूस ऐसे काही घमेल्यात पडले, आणि मिस्त्रींनी त्यात बोट घालून वास घेतला.

"पाटील, ही तर कढी हाय की!"

पाटलांनी आभाळाकडे पाहिले. आपल्याच हाताने आपण पणजोबांचा मान बुडविला, हे त्यांस समजून चुकले, आणि एवढा धिप्पाड पुरुष अंगणात मटकन बसला. तेव्हा रत्नाबाईंनी पदर खोचिला आणि फर्माविले की, रडगाणे मागाहून. आधी पोट धुवा.

मग शर्थ मांडिली. ताज्या तेलाने पोट खंगाळिले, तेल गाळावयाची जाळी धुतली, पुन्हा नवे तेल भरिले. पोटात वारे राहिले असता दाब धरत नाही, म्हणून मागील चाके ठोकळ्यांवर उचलून, इंजिन चालू ठेवून, पेडल पुढे-मागे, पुढे-मागे दाबीत राहिले आणि बुडबुडे निघत राहिले. यंत्र खाली उतरविले तो मागे उत्तम धावते; पुढे मात्र तसूभर सरकेना. पुढे नेणाऱ्या नळीतले वारे निघावयास उद्या उजाडेल, ऐसे मिस्त्री वदले, आणि सूर्य तर बाभळीच्या शेंड्यास टेकला.

पाटील बैठकीवर चढले आणि पेडल मागे दाबिले. झूल, घुंगरू, काजळ यांसह यंत्र पाठमोरे वेशीवर चालून गेले आणि दोरी ताडकन तुटली.

एकच गिल्ला जाहला. हंबीरराव आडवे येऊन गर्जले, "ह्यो मान न्हाय! बैल तोंड पुढं करून जातोय. ह्यो शेपटाकडनं गेला. डोळं बगा कुठं हायत!"

पाटील खाली उतरले आणि शांतपणे बोलिले, "हंबीरराव, डोळ्यांनी कोण तेल पितंय व्हय? तोंड कुठलं, ते सकाळी तुमीच धरलं हुतंसा की. प्या महाराज म्हणालासा, सगळ्या गल्लीनं ऐकलंय."

गल्ली हसली. पंचांनी मसलत करून निवाडा दिला की, खुराक जेथून पोटात गेला ते तोंड, तोंड पुढे होते, सबब मान पाटलांचा.

येणेप्रमाणे बेंदराची मोहीम फत्ते जाहली. पाटलांनी श्रीफळ घेतले आणि स्वारी घरास निघाली, तीही मागे मागेच, कारण यंत्र दुसरे काही जाणत नव्हते. त्यामुळे पाटलांचे मुख सर्व वाटभर मागून येणाऱ्या गावाकडेच राहिले. ते हात जोडीत गेले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते ते अवघ्या गावाने पाहिले. दारात रत्नाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो बॉनेटावरून ओवाळिला, आणि बैठकीखालील झाकणावर कुलूप घालून किल्ली कमरेस खोविली.