आत लोक हायत

गंगाधरराव इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करतात. मग कान देऊन थांबतात. त्या लोखंडी पेटीत काचेच्या बशा असतात आणि बशांत माणसांच्या लघवीतले, थुंकीतले, जखमांतले जंतू वाढत असतात.

"आत लोक हायत, सर," ते म्हणतात. "न इचारता घुसायचं नसतं."

परभणीत एसटी स्टँडमागच्या एका लॅबमध्ये ते एकटेच जंतूंचं काम बघतात. डबा खातात तो पेटीकडे पाठ करून. "त्यांची नजर लागते." पेटीत बारा महिने अंगाएवढी ऊब. मे महिन्यात मात्र खोली तिच्यापेक्षा तापते. तेव्हा ते दार किलकिलं करून गाल आत घालतात. "गारव्याला आलोय, मेहमान म्हणून." हे मला सांगत नसतात, बशांना सांगत असतात.

मी जिंतूरला शाळेत शिकवत असे. माझी पत्नी सुलभा परभणीच्या दवाखान्यात तापाने फणफणली होती, तेव्हा तिच्या लघवीचा नमुना घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. रिपोर्टच्या दिवशी त्यांनी मला बशी दाखवली. जंतूंची पातळ साय आणि तिच्यावर औषधांच्या कागदी टिकल्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं. सुलभाला चालू असलेल्या औषधाच्या टिकलीभोवती काहीच नव्हतं.

"या जंतूकडं कात्री हाय," ते म्हणाले. "औषध आलं की कातरतो. म्हणून औषध-साहेबासंगं दुसरं एक औषध चपराशी म्हणून धाडतेत. चपराशी कात्रीत सोताचा हात अडकवतो, तवर साहेब आत."

"मग?"

"ही कात्री लय बेरकी. चपराशाला जुमानतच न्हाई."

मी हसलो. त्या दिवसांत तेवढाच एकदा. डॉक्टरांनी औषध बदललं. तिसऱ्या दिवशी सुलभा गेली.

दिवाळीनंतर मी पुन्हा तिथे गेलो. काम काही नव्हतं. घरात पुस्तक उघडून बसलो की पान उलटत नसे, म्हणून गेलो.

"आलात? बरं झालं," गंगाधरराव म्हणाले. "बाई बऱ्या हायत."

मी दारातच थांबलो. त्यांनी पेटीवर टकटक केली, कान दिला आणि आतून एक बुचाची नळी काढली. तिच्यावर सुलभाच्या रिपोर्टचा नंबर होता.

"त्यांचाच जंतू. दर गुरवारी नवं खाणं घालतो."

सुलभाच्या अंगातलं या जगात अजून जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि त्यानेच तिला नेलं होतं.

"कशासाठी?"

ते नळी सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. पुसायला तिच्यावर काही नव्हतं.

"पयल्या दिशीच कडं दिसलं नव्हतं, सर. पर आदल्या रात्री लाईट गेलती, फ्रीज बंद. मला वाटलं फ्रीजमधल्या टिकल्यांचं औषधच उतरलं. नव्या मागवल्या, परत लावल्या. तुमचा एक दिस माझ्याकडं गेला. तवापासून तीच टिकली लावून बघायलोय. एकदा जरी कडं पडलं, तर मी थांबलो ते बरोबर होतं."

"पडलं?"

"न्हाई."

त्या एका दिवसाने सुलभा वाचली असती का, हे मला ठाऊक नाही. त्यांनाही नाही. पेटी मात्र मंद घुमत होती, आत कुणी झोपलं असावं तशी.

कोपऱ्यात निकामी बशा उकळायचा मोठा कुकर होता. मी तिकडे बोट दाखवलं. "संपवू या आता, गंगाधरराव."

त्यांनी नळी कुकरात ठेवली, झाकण बसवलं. काडेपेटी हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. काडी काही ओढेनात.

मग माझ्या लक्षात आलं. मी पुढे झालो आणि कुकरच्या झाकणावर दोनदा टकटक केली.

आम्ही दोघं कान देऊन थांबलो. नेहमीपेक्षा बराच वेळ.