हैबतरावांचे नाक आणि एका पिंपाची बर्बन

श्रीगजानन प्रसन्न. रसना आणि घ्राण या दोन धाकट्या देवतांसही दंडवत घालून लिहिणार लिहितो ऐसे जे, शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी थंडी पडो लागली ते समयी एक राज्य बहुत सुखाने नांदत होते. राज्याचे नाव लिहावे तर घरोघरच्या राणीसाहेब रागे भरतील, म्हणोन लिहीत नाही. राज्य म्हणावे तर एका इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाकीचा आडोसा, चार खुर्च्या आणि एक डगमगते मेज. परंतु दर शनिवारी दिवेलागणीस तेथे दरबार भरे तो हेवा करावा ऐसा भरे. महाराज म्हणजे दादासाहेब, पाटबंधारे खात्याची चाकरी निभावून मोकळे जाहलेले, वयाने वडील म्हणोन गादीवर. दिवाण अंताजीपंत, बँकेतून निवृत्त आणि जिभेने तिखट. सेनापती केरोबा, बोलणे कमी आणि शेंगा सोलणे फार. आणि चौथे हैबतराव ढमढेरे, राज्याचे चाखणीदार, ज्यांची ही हकीकत.

राज्याचा रिवाज ऐसा होता की नवी बाटली आली म्हणजे पहिला पेला हैबतरावांचा. त्यांनी पेल्यात नाक घालावे, डोळे मिटावे, घोट जिभेवर फिरवावा आणि मग निवाडा सांगावा की यांत मध आहे, यांत सुका मेवा आहे. आणि तोवर कोणी पेल्यास हात लावू नये, आणि मग सर्वांनी घोट घेऊन म्हणावे की खरे आहे, मध आहे. या मानावर हैबतराव जगत होते म्हटले तरी चालेल. हपिसात त्यांस कोणी विचारले नाही, पोरे परगावी गेली, परंतु शनिवारी तीन शहाणी माणसे त्यांच्या तोंडाकडे बघत बसत.

आणि घात ऐसा जाहला की, दोन सालांमागे तो मोठा ताप मुलखावर आला, त्या धुमाळीत हैबतरावांचा जीव वाचला पण नाक गेले. म्हणजे नाक जागच्या जागी होते, वास तेवढा गेला. जिभेस गोड, तिखट आणि घशास जाळ एवढे कळे, बाकी सर्व अंधार. वैद्यांनी सांगितले की रोज सकाळी ओळखीचा वास नाकाशी धरीत जा, लवंग म्हणा, लिंबू म्हणा, आला तर येईल. रावांनी चार दिवस धरला आणि कंटाळून सोडला. ही गोष्ट त्यांच्या कुटुंबाखेरीज, सगुणाबाईंखेरीज, कोणास ठाऊक नव्हती. दरबारी राव दारूचा रंग पाहत, बाटलीवर डकविलेली चिठ्ठी वाचीत आणि जुन्या आठवणीवर निवाडा देत, आणि सर्व म्हणत की खरे आहे.

त्या शनिवारी सकाळी सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, वांगी करपून कोळसा झाली. तुम्ही दारातच पेपर वाचत होतात की."

राव म्हणाले, "मला कसे कळणार?"

"तेच म्हणते मी. सांगून टाका ना एकदा त्यांना. मित्रच आहेत ते."

राव म्हणाले, "सांगितले तर खुर्ची राहील, पण पहिला पेला जाईल. मग मी तिथे बसून करू काय, गुडघेदुखीच्या गप्पा?" आणि पेपर पुढे धरिला. मनातून राव बहुत कष्टी होते.

सायंकाळी दरबार भरला. दिवाण लेकीकडे अमेरिकेस राहून नुकतेच परतले होते, त्यांनी एकाच नावाच्या, एकाच तोंडवळ्याच्या दोन बाटल्या मेजावर ठेविल्या. महाराज चिठ्ठी पाहून म्हणाले, "दिवाण, एवढे समुद्र ओलांडून गेलात आणि मक्याची दारू आणलीत?"

अंताजीपंत म्हणाले, "महाराज, हिला बर्बन म्हणतात. स्वस्त आहे, हे खरे. तिकडे आपल्यासारख्या पेन्शनरालाही परवडते. पण ऐका तर." आणि मग पंतांनी सविस्तर निवेदन केले की, ओक लाकडाचे कोरे पिंप आतून जाळून काळे करितात आणि त्यांत ही दारू वर्षानुवर्षे निजवितात, इतर बाटल्यांत अनेक पिंपे एकवटून चव सारखी करितात, परंतु ही एकेकाच पिंपाची, म्हणोन बाटलीवर पिंपाचा अंक हाताने लिहिलेला, या दोहोंचे अंक निराळे, आणि ते पिंप सरले की ती चव सरली. हे सर्व महाराजांनी ऐकिले, केरोबांनी शेंगा सोलीत ऐकिले. हैबतरावांनी मात्र ऐकिले नाही, कारण ते मनात आपला निवाडा जुळवीत होते.

मग पहिली बाटली फोडली. राव पेल्यात नाक घालून, डोळे मिटून बोलिले, "मध. त्यामागे मनुका." सर्वांनी घोट घेऊन म्हटले की खरे आहे. आणि मग दुसरी बाटली फोडली. चिठ्ठी तीच, रंग तोच, एवढेच पाहून, अंक न वाचता रावांनी ओठ ओले केल्यासारखे केले आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "तीच ती. तिळमात्र फरक नाही."

महाराजांनी घोट घेतला आणि ते थांबले. दिवाणांनी घेतला आणि महाराजांकडे पाहिले. केरोबांनी घेतला आणि शेंग सोलणे सोडिले. महाराज हलकेच म्हणाले, "हैबतराव, ही तर साफ निराळी आहे हो." रावांचा चेहरा उतरला. त्यांनी दुसऱ्यांदा पेला उचलिला, नाकाशी धरिला, आणि मेजावर ठेवून म्हणाले, "दादासाहेब, मला दोन वर्षे वास येत नाही. वैद्यांनी रोज लवंगेचा वास घ्यायला सांगितला होता, तोही मी कंटाळून सोडला. मी तुम्हाला बनवीत होतो. पुढल्या शनिवारपासून पहिला पेला दिवाणांना द्या."

तेव्हा केरोबा, जे वर्षात चार वाक्ये बोलत, ते म्हणाले, "मला मध आजवर कधी लागलाच नाही. तुम्ही म्हणायचा म्हणून मी म्हणायचो."

"मलाही नाही," दिवाण म्हणाले.

महाराज म्हणाले, "मला एकदा लागला होता. पण ते औषध घेतले होते खोकल्याचे." आणि मग राव प्रथम हसले आणि मागून दरबार हसला. मग महाराजांनी आज्ञा केली की आज ज्याने त्याने आपले सांगावे. दिवाण म्हणाले, पहिलीत गुळाचा पाक आहे. केरोबा म्हणाले, दुसरीत भाजलेले कणीस आहे. राव खुर्ची पुढे ओढून विचारू लागले, "कणीस कोळशावरचे की गॅसवरचे? लिंबू लावलेले की नुसते? चार थेंब पाणी घाला आणि पुन्हा पाहा." आणि केरोबा पुन्हा पाहून म्हणाले, "कोळशावरचे. आणि मागे जायफळ." ऐसे कधी घडले नव्हते. विचारणारा हैबतरावच लागतो, हे त्या दिवशी सर्वांस कळले.

पहिली बाटली सरली. दुसरी अर्धी उरली, तिला महाराजांनी बूच लावून ती रावांच्या हाती दिली आणि म्हणाले, "लवंगेचा कंटाळा येतो ना, मग रोज सकाळी हिचा वास घ्या. प्यायची नाही. हे पिंप पुन्हा मिळणार नाही, तुमचा घोट राहिला आहे."

दिवाण म्हणाले, "आणि नाक आलेच नाही तर?"

"तर बाटली तशीच राहील," महाराज म्हणाले.

त्या दिवसापासून रोज स्नान करून, कपाळी गंध लावून राव पाटावर बसत आणि सगुणाबाई बाटलीचे बूच काढून नाकाशी धरीत, आणि म्हणत की शेजारी पाहतील तर काय म्हणतील, आणि तरी धरीत. पौष गेला, माघ गेला, काही आले नाही. फाल्गुनात एके सकाळी बाईंनी बाटली धरून नित्याप्रमाणे विचारिले, "येतो का काही?"

राव डोळे मिटून म्हणाले, "येतो."

"कशाचा? कणसाचा?"

"नाही. दूध लागले आहे."

बाई बाटली त्यांच्या हाती देऊन आत धावल्या. पातेले खरोखरीच लागले होते. बराच वेळ त्या बाहेर येईनात, म्हणोन राव उठून गेले, तो बाई ओट्याशी उभ्या राहून डोळे पुशीत होत्या आणि गॅस तसाच चालू होता.

येणेप्रमाणे हैबतरावांचे नाक परत आले, पुरते नाही, परंतु कामापुरते. शनिवारी ती अर्धी बाटली दरबारी उघडली, रावांनी आपला राहिलेला घोट घेतला आणि कणीस कोळशावरचे हे कबूल केले. मधाविषयी वाद आहे. ते पिंप सरले. पातेले अद्याप काळे आहे, आणि बाई ते कोणास घासू देत नाहीत. इति.