पाठमोऱ्या माणसाची धून

अनंतकाका पागनीस कोणालाही 'या' म्हणत नसत. माणूस फाटकाशी पोचायच्या आत ते ओसरीवरच्या खुर्चीतून त्याची धून शिट्टीवर वाजवत. देवासात टेकडीच्या पायथ्याशी आमची गल्ली आहे. तिथल्या प्रत्येकाला काकांनी एकेक धून नेमून दिली होती. दूधवाल्याला होती, भिसे वहिनींना होती, मलाही होती. काकांच्या दारावरची घंटा कधीच बिघडली होती आणि ती दुरुस्त करायची गरज कोणाला वाटली नव्हती.

या छंदाला घराण्याचा आधार होता. काकांचे आजोबा थोरल्या पातीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत. देवासात तेव्हा संस्थानं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दुसऱ्या पातीचा बँड कसा होता, हे काकांना विचारायचं नसतं. आजोबांमागे युरोपातल्या वाद्यवृंदांच्या जड तबकड्या उरल्या. दीड-दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या काही संगीतकारांनी ठरवलं, की नुसत्या वाद्यांनी गोष्ट सांगायची. गाणारा नाही, शब्द नाहीत. नायकाची एक धून बांधायची आणि ती गोष्टभर फिरवायची. बासरीवर आली की नायक प्रेमात, ट्रॉम्बोनवर आली की संकटात.

रविवारी सकाळी काका तबकडी लावत आणि पोहे खाणाऱ्यांना प्रसंग समजावत. "आता तो घोड्यावरून उतरला. आता ती खिडकीत आली. हं, ढग गडगडले, वादळ आलं... अहो वहिनी, वाळत घातलेले कपडे काढायला कुठं पळता? वादळ तिकडचं आहे!"

काकांनी जन्मभर एका कारखान्यात गिअरचे आवाज ऐकून त्यातली खोट काढली. निवृत्तीनंतर काही काळ ते गप्प होते. मग तीनेक वर्षांपूर्वी अचानक त्यांनी गल्लीला धुना वाटायला सुरुवात केली. रिकामा कान कुठं तरी लागायचाच, असं आम्ही समजलो.

भिसे वहिनींची धून खालच्या सुरांत, दमदार पावलं टाकत येई. वहिनींना ती मान्य नव्हती.

"काका, मी काय किल्ला सर करायला येते?"

"साखर मागायला येता. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही."

माझी धून शेवटच्या सुराच्या अलीकडेच तुटे. कारण विचारलं तर काका म्हणाले, "तू वार्ताहर आहेस. तुझं उरलेलं उद्याच्या अंकात."

एकदा प्रकरण गंभीर झालं. हाटपिपल्याहून चौहान कुटुंब गल्लीत नवीन राहायला आलं होतं. सौ. चौहान भाजी घेऊन चालल्या असताना काकांनी त्यांची ताजी धून वाजवली. पाठोपाठ चौहान बाह्या सरसावून हजर झाले. "अंकल, इस उमर में सीटी?" काकांनी त्यांना बसवलं, तबकडी लावली, नायक दाखवला, नायिका दाखवली, दोघांची ताटातूट आणि भेट ऐकवली. चौहान उठले ते हात जोडून. "दादा, म्हारी बी एक बनई दो." काकांनी दिली. तिच्यात त्यांची मोटारसायकलही होती.

"आणि तुमची स्वतःची धून कोणती?" मी एकदा विचारलं होतं.

"बँडमास्तराची धून नसते. तो पाठमोरा उभा असतो."

इंदिराकाकू आतल्या खिडकीशी काहीतरी निवडत, सोलत बसलेल्या असत. मान वर न करता त्या आलेल्याचं नाव घेत. "या वहिनी, गुडघा काय म्हणतोय?" "चौहान, बहू कैसी है?" सत्तरी ओलांडली तरी काकूंचं लक्ष कसं चौफेर आहे, याचं गल्लीत कौतुक होतं.

या दिवाळीनंतर काकांचे पुढचे दात काढावे लागले. कवळी आली आणि शिट्टी गेली. ओठांचा चंबू होई, गालही फुगत, पण बाहेर नुसती हवा येई. त्यांनी माउथऑर्गन आणला. पहिल्याच सुराला कवळी त्यातच राहिली. गुणगुणून पाहिलं, तर सगळी गल्ली एकाच आवाजात येऊ लागली. काकांना शिट्टी सोडून दुसरं काहीच वाजवता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. काकांनी माझ्याकडे पाहून बरीच हवा सोडली. मी आत गेलो आणि खिडकीच्या उजेडात काकूंसमोर उभा राहिलो.

"या वहिनी," काकू वाटाणे सोलत म्हणाल्या. "साखरेचा डबा नेहमीच्या जागी आहे."

मी तोंड उघडायच्या आत काकांनी मला दंडाला धरून फाटकापर्यंत आणलं.

"तिला दिसत नाही. तीन वर्षं झाली. उजेड-अंधार तेवढा कळतो. डॉक्टरांनी हात टेकले."

"शेखरला सांगितलं नाही?" शेखर त्यांचा मुलगा, पुण्यात असतो.

"त्याला कळलं तर तो लगेच घेऊन जाईल. चांगला आहे ना, म्हणून. तिला जायचं नाही. इथं सगळं घर तिच्या हाताला पाठ आहे. तिथं आठव्या मजल्यावर तिला एक खुर्ची मिळेल. व्हिडिओ कॉल आला की मी नेट खराब आहे म्हणतो. पण येत्या रविवारी तो स्वतः येतोय. माणसं येणार, आणि मी असा."

त्यांनी पुन्हा एकदा हवा सोडली.

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. फक्त भिसे वहिनींना सांगितली.

"भाऊजी, मला कळून वर्ष झालं," वहिनी म्हणाल्या. "मी पैठणी नेसून गेले आणि काकू एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हाच ओळखलं. सगळ्या गल्लीला माहीत आहे. पत्रकार ना तुम्ही?"

रविवारी शेखर ओसरीवर काकांशेजारी बसला होता. प्रथम भिसे वहिनी आल्या. फाटकाशी थांबून, छाती भरून, जिच्याबद्दल तीन वर्षं तक्रार केली ती धून त्यांनी स्वतःच्या तोंडानं पूर्ण गायली. आतून आवाज आला, "या वहिनी, शेखर आलाय." मग चौहान आले. त्यांनी आपली धून मोटारसायकलच्या हॉर्नवर वाजवली. "चौहान, पहले गाड़ी तो बंद करो!" दूधवाला आपली धून किटलीच्या झाकणावर वाजवत आला. मी शिट्टी घातली आणि ती जिथं तोडायची तिथं तोडली. "या पत्रकार. उरलेलं उद्या का?"

गुडघ्यावर काकांचा हात ताल धरत होता.

संध्याकाळी शेखरला मी इंदूरच्या बसपर्यंत सोडायला गेलो. "आई एकदम ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दोघांनाही पुण्याला न्यावं का, असा विचार घेऊन आलो होतो. पण सध्या तरी गरज दिसत नाही." बसच्या पायरीवर तो थांबला. "गल्लीतल्या लोकांचं मात्र काहीतरी बघायला हवं."

गल्लीनं ती सवय पुढंही चालू ठेवली. काही दिवसांनी मी काकूंजवळ बसलो होतो. काका भाजी आणायला गेले होते. बोलता बोलता काकू थांबल्या. हातातली शेंग त्यांनी ताटात ठेवली आणि अगदी हळू गुणगुणू लागल्या. धून मी कधी ऐकलेली नव्हती. साधी होती, मध्येच अडखळून पुन्हा चालू लागणारी.

"ही कोणाची, काकू?"

"ह्यांची."

मी खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा होता. मग वळणावर काका दिसले, हातात पिशवी, एक चप्पल किंचित ओढत येणारे.

"त्यांना सांगू नका बरं," काकू म्हणाल्या आणि शेंग पुन्हा हातात घेतली. "लगेच विचारतील, कोणत्या वाद्यावर?"