चाल उचलणारे मास्तर

राजय्या मास्तर रस्त्यानं जाताना कधी स्वतःच्या चालीनं चालले नाहीत. पुढे एखादा लठ्ठ व्यापारी चाललेला असला, की मास्तर त्याच्यामागे पोट पुढे काढून, पाय फाकवत चालायचे. व्यापारी दुकानात शिरला आणि पुढे घागर घेतलेली बाई दिसली, की मास्तरांची मान ताठ व्हायची आणि एक हात डोक्यावरच्या नसलेल्या घागरीला जायचा. घरापासून चादरीचा कारखाना मैलभर लांब. तेवढ्यात ते सात-आठ माणसं होऊन जायचे आणि कारखान्याच्या फाटकापाशी पुन्हा राजय्या व्हायचे. एकदा ते एका हवालदाराच्या मागे असेच चालले होते. हवालदार गर्रकन वळला. मास्तर अदबीनं म्हणाले, "साहेब, तुमचा उजवा बूट बाहेरच्या अंगानं झिजतोय. कंबर दुखती की तुमची?" हवालदाराची कंबर खरोखरच दुखत होती, म्हणून त्या दिवशी निभावलं.

मी त्यांचा शिष्य. पण रस्त्यात त्यांच्यापासून दहा पावलं लांब चालायचो, जमलं तर पलीकडच्या बाजूनं. मला त्यांची लाज वाटायची, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं ते या लाजेतूनच घडलं, आणि आज लाज वाटते ती मात्र वेगळी आहे.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत कारकून होतो. डोक्यात मात्र कथाचित्रांचं वेड. मासिकांतल्या नायिका बघून बघून मी शेकडो नायिका काढल्या होत्या. बदामी डोळे, नागमोडी बट, उसासा टाकल्यासारखे ओठ. एक दिवस चित्रांची वळकटी घेऊन छापखान्याच्या नानांकडे गेलो. नाना दरवर्षी एक दिवाळी अंक काढत. त्यांनी चष्मा वर करून सगळी चित्रं बघितली आणि म्हणाले, "या सगळ्या एकाच आईच्या मुली दिसतात. तू राजय्याकडे जा. तो वेडा आहे, पण त्याला माणसं काढता येतात."

मास्तर सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीत एकटे राहायचे. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. नोकरी चादरींच्या नक्षीची. म्हणजे बारीक चौकोनांच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून मोर, कमळ, कोयऱ्या तयार करायच्या, आणि त्यावरून मागावर चादर विणली जायची. तीस वर्षं चौकोन भरून त्यांना चौकोनाचा इतका वीट आला होता, की खोलीतला आरसासुद्धा गोल होता. शेजारी यंत्रमाग धडधडत असायचे. त्यानं जमीन हादरायची आणि आमच्या रेषाही. मी तक्रार केली तर मास्तर म्हणाले, "सोलापूरची रेघ हाय. थरथरणारच."

शिकवणी दर रविवारी सकाळी. पहिले तीन रविवार त्यांनी मला पेन्सिल धरू दिली नाही. डोळ्यांवर पंचा बांधून हातात एक कांदा दिला आणि अर्धा तास चाचपायला लावला. मग कांदा काढून घेतला, पंचा सोडला आणि कोळशाचा तुकडा देऊन म्हणाले, काढ आता. मी एक सुरेख, गोल गरगरीत कांदा काढला. मास्तरांनी तो बघितला न बघितल्यासारखा केला. "ह्यो डोळ्यानं काढला का हातानं?" मी म्हटलं, डोळ्यानं कसा काढणार, डोळे तर बांधले होते. "मंग हातानं पण न्हाई. सवयीनं काढलास. त्या कांद्याला एका अंगाला खड्डा होता."

सवय हा त्यांचा जन्माचा वैरी. ती मोडायला त्यांच्याकडे अनेक तऱ्हा होत्या. डाव्या हातानं काढायचं. काठीला कुंचला बांधून, उभं राहून, जमिनीवरच्या कागदावर काढायचं. कागदाकडे न बघता समोरच्याचा हात काढायचा. मग बोटं मनगटाला सोडून निघून जायची आणि मास्तर खूश व्हायचे. एकदा त्यांनी मला बस स्टँडवर नेलं आणि सांगितलं, माणसं काढू नकोस, दोन माणसांच्या मधली जागा तेवढी काढ. मी दोन तास जागा काढत बसलो. घरी येऊन कागद बघितला तर त्या रिकाम्या जागांमधून नवरा-बायकोचं भांडण स्पष्ट दिसत होतं.

चित्र मनासारखं झालं की त्यांची शाबासकी ठरलेली: "आले. डोळे आले तुझे." पहिल्यांदा ती मिळाली तेव्हा मी घरी धावत येऊन आईला सांगितलं, मास्तर म्हणाले माझे डोळे आले. आईनं माझा टॉवेल वेगळा काढला आणि दोन दिवस मला गुलाबपाण्याच्या घड्या ठेवायला लावल्या.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. पावसानं पाठ फिरवलेली, जिल्हाभर दुष्काळी कामं सुरू होती. नानांनी मला दिवाळी अंकातली एक कथा दिली, खडी फोडणाऱ्या बाईची. माझं पहिलं काम. मी दोन दिवसांत चित्र काढून मास्तरांना दाखवलं. हातोडी होती, खडी होती, आणि तीच ती बदामी डोळ्यांची नायिका होती. मास्तरांनी चित्र उचलून उजेडाला धरलं. मग त्यांनी विचारलं, खडी फोडणारी बाई कधी बघितलीस का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, तिनं तरी तुझ्या चित्रात का यावं मग?

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं केम गावाला निघालो. तिथून जवळ आमच्याच खात्याचं रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथले ओव्हरसियर माझ्या ओळखीचे होते. गाडीत मास्तरांनी फडक्यात बांधून आणलेल्या भाकरीतली अर्धी मला दिली. खिडकीतून ते एकेक उघडा माळ बोट दाखवून सांगत होते, ह्यो रंग लक्षात ठेव, ह्याला नाव न्हाई.

कामावर दोनशे-अडीचशे माणसं असतील. ओव्हरसियरनी मला आपल्या तंबूत खुर्ची दिली, चहा मागवला. मी खुर्चीत बसून वही उघडली. मास्तर मागे राहिले होते, आणि खरं सांगायचं तर ते मागे राहिले म्हणून मला बरं वाटलं होतं. ओव्हरसियर आमच्या साहेबांच्या बैठकीतला माणूस. कळकट धोतर आणि चुरगळलेल्या टोपीतल्या माणसाला मास्तर म्हणून त्यांच्यापुढे उभं करायला माझी जीभ रेटत नव्हती.

थोड्या वेळानं बाहेर गलका झाला. आम्ही उठून गेलो. खडीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायकांच्या रांगेत एक तिशीची बाई लंगडत चालली होती, आणि तिच्यामागे डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन, अगदी तसेच लंगडत, राजय्या मास्तर चालत होते. बायका आधी हसल्या होत्या. मग एका माणसाला ती आपल्या भावजयीची टिंगल वाटली आणि त्यानं मास्तरांना धरलं. घमेलं खाली पडलं. कुणीतरी दोन थोबाडीत दिल्या. मास्तरांची वही पायाखाली आली. ते काहीतरी समजावत होते, पण गडबडीत तोंडातून घरचं तेलुगू निघत होतं, आणि त्यामुळे लोक जास्तच चिडत होते.

मुकादमानं त्यांना दंडाला धरून आमच्यापुढे आणलं. ओव्हरसियरनी माझ्याकडे वळून विचारलं, "हा तुमच्याबरोबर आलाय का?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. गालावर बोटं उमटली होती.

"नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले आणि उघडले. मग मुकादमाला म्हणाले, "साहेबांचा काय संबंध? मी एकटा आलोय."

त्यांना सोडवलं त्या बाईनंच. ती टोपली कमरेवर घेऊन गर्दीतून पुढे आली आणि दिराला म्हणाली, "सोडा त्याला. म्हातारं हाय. याडं बी असंल, पन वंगाळ न्हाय. मगा माझी टोपली पडली तवा त्येनंच भरून दिली." मग मास्तरांना विचारलं, "काय बगत हुतास रं बाबा माज्या चालीत?"

मास्तर म्हणाले, पाऊल असं कडेवर का पडतं, ते बघत होतो.

"काटा मोडलाय पायात."

"मंग काढा की."

"काडत बसलं तर हजेरी मोडती," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन रांगेत परत गेली. कुणी हसलं नाही. लोक पांगले. मास्तरांनी वही उचलून झटकली आणि माझ्याकडे न बघता स्टेशनच्या वाटेला लागले.

परतीच्या गाडीला दीड तास होता. केमच्या फलाटावर आम्ही दोघंच होतो. ते एका टोकाला नळाजवळ, मी दुसऱ्या टोकाला. ओव्हरसियर तर दोन मैल लांब तंबूत होते. आता कुणाची भीती होती? तरी माझी पावलं उठली नाहीत. वाटायचं, ते हाक मारतील. त्यांनी मारली नाही. गाडी आल्यावर ते पुढच्या डब्यात चढले आणि मी मागच्या.

त्या आठवड्यात मी चित्र काढलं. बाई पाठमोरी, डोक्यावर टोपली, उजवं पाऊल कडेवर टेकलेलं, बोटं वर. चेहरा काढलाच नाही. आयुष्यातलं माझं ते पहिलं खरं चित्र. नाना ते हातात धरून बराच वेळ बघत राहिले. पाय असा वाकडा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काटा मोडलाय. ते म्हणाले, कथेत तर काटा नाही. मी म्हटलं, कथेत नसेल, पायात आहे. नाना हसले. "हे राजय्याचं वळण दिसतंय."

"छे," मी म्हणालो, "ते कधीच सोडलं. हे माझं मीच."

केमला निदान दचकून गेलो होतो म्हणता येईल. इथे तर पंख्याखाली बसून, सावकाश म्हणालो.

त्यानंतर मी मास्तरांकडे गेलो नाही. पहिल्या रविवारी डोकं दुखतंय असं आईला सांगितलं, दुसऱ्या रविवारी कचेरीचं काम आहे असं. तिसऱ्या रविवारपासून आईनं विचारणं बंद केलं. पावसाळा गेला, दिवाळी आली, अंक निघाला. कचेरीत लोकांनी चित्राचं कौतुक केलं, साहेबांनी बोलावून पाठ थोपटली.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले असतील. संध्याकाळी दारात चपला वाजल्या आणि आईनं हाक मारली, कुणी आलंय बघ. दारात राजय्या मास्तर. धुतलेली टोपी, हातात दिवाळी अंक. विकत घेतलेला. चित्राच्या पानावर त्यांनी रेशमी दोऱ्याची खूण घातली होती.

आईनं चहा केला. ते खुर्चीवर न बसता उंबऱ्याजवळच बसले आणि आईला चित्र दाखवत राहिले. पाऊल बघा, म्हणाले. पोरानं पाऊल बघितलंय. हात लई चांगला हाय तुमच्या पोराचा. केमबद्दल एक अक्षर नाही. आई खुशीत म्हणाली, तुमचीच कृपा, तुम्हीच शिकवलंत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा होतो.

मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो. दिव्याखाली ते थांबले.

"रविवारी ये की," म्हणाले. "भात उरतो."

मला आधी समजलंच नाही. ते चाचरत म्हणाले, की हाताला दोघांच्या भाताचं माप बसलंय. एकट्याचा टाकायला जातात, पण पातेल्यात बघतात तर दोघांचा असतो. पहिले काही रविवार वाट बघायचे. नंतर शेजारच्या मागवाल्याला द्यायला लागले.

एक गोष्ट मी इतका वेळ सांगितली नाही, कारण माझ्या लक्षातच राहिली नव्हती. शिकवणी संपली की दर रविवारी मास्तर मला जेवायला घालायचे. दोन वर्षं. कांद्याचा खड्डा मला आठवत होता, बस स्टँडवरच्या रिकाम्या जागा आठवत होत्या. पण मी येणार म्हणून एक माणूस सकाळी उठून तांदूळ निवडतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं. जेवायचो, हात धुवायचो आणि निघायचो.

रविवारी गेलो. भात होता, आंबट पातळ वरण होतं, लोणचं होतं. वीज गेल्यामुळे शेजारचे माग बंद होते आणि खोली फार शांत होती. आम्ही समोरासमोर बसलो. दोन घास खाल्ले आणि तिसरा ताटातच ठेवला.

"मास्तर, त्या दिवशी केमला मी…"

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी तितंच होतो की."

आवाजात राग नव्हता. पातेलं जवळ ओढून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक डाव भात वाढला. मला भूक नव्हती. मी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.